ओट्यामागचा निळा कागद

दुपारी तीनच्या सुमाराला महेशचा फोन आला तेव्हा मी दुधाची रिकामी पिशवी धूत होते. पिशवी वरून सरळ कापायची, कोपरा तोडून फेकायचा नाही, आतून साबण फिरवून धुवायची आणि चिमटा लावून दोरीवर वाळत घालायची, ही माझ्या घरातली पस्तीस वर्षांची शिस्त. शिस्त माझी नव्हे, माझ्या मोठ्या जाऊबाईंची, मथुराताईंची. महेश त्यांचा मुलगा. म्हणाला, "काकू, आई गेली... जेवून जरा आडवी झाली होती, उठलीच नाय." मी "निघते" म्हटलं आणि फोन ठेवला. मग काय केलं असेल मी? पिशवी धुवून पुरी केली. दोरीवर घातली. आणि नंतर तिथेच उभी राहून रडले. ताईंना हा क्रम नक्की पटला असता.

त्यांना जाऊन आता दीड महिना होतो आहे. घरातल्या टाकाऊ वस्तूंची चित्रं करणारी बाई म्हणून खर्डीच्या आसपासची बरीच गावं त्यांना ओळखत होती. रंग नाही, कुंचला नाही. कात्री, पुठ्ठा, खळ आणि घरात रोज निघणारा कचरा एवढंच त्यांचं भांडवल. "कलाकार" म्हटलं की त्या चिडायच्या. "कलाकार टीवीत असतात," म्हणायच्या.

मी लग्न होऊन आले तेव्हा मोठे भाऊजी धरणावर नोकरीला होते आणि त्यांचं बिऱ्हाड भातसानगरच्या क्वार्टरमध्ये होतं. पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर समोरच्या भिंतीवर हे एवढं मोठं चित्र. भाताची खाचरं, त्यात चार बगळे. जवळ जाऊन पाहिलं तर बगळे लसणाच्या सालींचे होते आणि खाचरातली माती म्हणजे उकळून वाळवलेली चहापत्ती. मी नुकतीच शहापूरला मास्तरीण म्हणून लागले होते. मुलांचा कार्यानुभवाचा तास घेत होते, त्यामुळे आपल्याला या विषयातलं सगळं कळतं असा माझा ठाम समज. मी म्हटलं, "छान आहे हो ताई, पण कडा जरा सरळ कापायला हव्या होत्या." ताईंनी माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "बगळ्याच्या कडा कुनी सरळ कापल्यात?"

ते चित्र कसं जन्माला आलं हे भाऊजींनी सांगितलं. क्वार्टरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल यायची. पोपडे दिसू नयेत म्हणून ताईंनी पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा ठोकला. मग तो पुठ्ठा उघडा-बोडका दिसायला लागला म्हणून त्यावर काहीबाही चिकटवलं. पुढच्या वर्षी ओल दुसऱ्या भिंतीला आली, तिथे दुसरं चित्र. भाऊजी म्हणायचे, "आमच्या घरात कला नाय आली, ओल आली." ताईंचं शिक्षण चौथीपर्यंत. माहेर मुरबाडकडचं. चित्र म्हणून काही शिकायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पण नियम मात्र कडक. पहिला आणि शेवटचा नियम हा की चित्रात विकतची नवी वस्तू चालणार नाही. वस्तू आधी घरात राबलेली पाहिजे. शर्टाचं बटण शर्टाला राबलेलं हवं, दप्तराची चेन दप्तराला. महेशच्या फाटलेल्या दप्तराची चेन त्यांनी आगगाडीच्या रुळांसाठी वापरली होती. तुम्हाला सांगते, खर्डीचं स्टेशन इतकं हुबेहूब मी दुसरं पाहिलेलं नाही. एकदा मी हौसेनं रंगीत टिकल्यांचं नवं पाकीट नेलं. त्यांनी ते परत माझ्या पर्समध्ये घातलं. "आदी तू लाव. आरशाला चिकटव. जुन्या झाल्या का मग आन." खळ त्या तांदळाच्या पिठाची करायच्या आणि कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायच्या. लग्नपत्रिकांचा जाड कागद त्यांना फार आवडायचा, पण त्यावरचे गणपती आधी कापून एका डब्यात ठेवायच्या. देव चित्रात कुठेतरी पायदळी यायला नको. तो डबा भाद्रपदात घरच्या गणपतीबरोबर नदीवर जायचा. आमच्याइतके गणपती विसर्जन करणारं घर तालुक्यात नसेल.

आम्ही भेटायला गेलो की खाऊच्या आधी त्या विचारायच्या, "पिशवी?" महिनाभराचा माझ्या घरातला निवडक कचरा त्या पिशवीत असायचा. त्या ती जमिनीवर पालथी करायच्या आणि एकेक वस्तू उजेडाला धरून पाहायच्या. एकदा बामच्या बाटलीची तीन झाकणं निघाली, तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शैला, डोकं दुखतंय का गो तुजं? का शाळंत कोन त्रास देतंय?" शाळेत खरंच तेव्हा एका सहकारी बाईंनी माझा जीव नकोसा केला होता आणि मी ते घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ताईंपुढे मी पोटभर बोलले. माझ्या सख्ख्या बहिणीला माझं जे कळलं नाही ते या बाईला माझ्या कचऱ्यातून कळायचं.

आता जे लिहिणार आहे ते लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. पण ते वगळलं तर ताईंबद्दल काहीच सांगितलं नाही असं होईल.

सासूबाई, आम्ही त्यांना आये म्हणायचो, अर्धांगाने पडल्या. ताई भातसानगर सोडून गावच्या घरी आल्या आणि चार वर्षं त्यांनी आयेचं सगळं केलं. मी रविवारी जायची. नोकरी होती, मुलं लहान होती, कारणं सगळी खरी होती... तरी रविवारी जायची, एवढंच. आये गेल्यावर वर्षभराने ताईंनी एक मोठं चित्र केलं. धरणाचं पाणी. डोंगरांसाठी जुन्या गोधडीचे तुकडे, आणि मधलं पाणी सगळं गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचं. पाकिटांची चंदेरी बाजू बारीक पट्ट्या कापून एकाशेजारी एक लावलेली. उन्हाची तिरीप आली की पाणी हलल्यासारखं वाटायचं.

त्याच सुमाराला शहापुरात महिलांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरणार होतं आणि मांडणी माझ्याकडे होती. मी ताईंच्या मागे लागून ते चित्र आणलं. आदल्या दिवशी ते टेबलावर ठेवून पाहिलं, तर चांदीवर औषधांची छापील नावं दिसत होती. गोळी कधी घ्यायची ते पेनाने लिहिलेलंही होतं कुठे कुठे. मला लाज वाटली. पाहुणे येणार, परीक्षक येणार, आणि माझ्या जावेच्या चित्रात रक्तदाबाच्या गोळ्या! शाळेच्या कपाटात निळा चकचकीत चमकी कागद होता. मी तो पाण्याच्या आकारात सरळ, अगदी सरळ कापला आणि बाटलीतल्या पांढऱ्या डिंकाने त्या चांदीवर चिकटवून टाकला. काम झाल्यावर दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि स्वतःवर खूश झाले, हेही कबूल करते.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. चित्रापुढे उभ्या राहिल्या. मी उत्साहाने विचारलं, "कसं दिसतंय?" त्यांनी निळ्या पाण्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "चमकतंय." एवढंच. संध्याकाळी टेम्पोतून चित्र परत नेताना भाऊजी पुढे माझ्याशेजारी बसले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "शैला, ती पाकिटं आयेची व्हती. चार वर्सांची. एक टाकलं नव्हतं तिनं. वर टाइम लिवलेला तोपन तिच्याच हातचा."

मी चार वर्षांतले रविवार मोजत होते आणि त्या बाईने चार वर्षांतला एकेक दिवस जपून ठेवला होता. त्यावर मी कागद डकवून आले होते.

ताई यावर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. पण त्यानंतर मी गावी गेले की त्यांनी पिशवी विचारणं बंद केलं. चहा द्यायच्या, मुलांची चौकशी करायच्या, निघताना काकडी-दोडके बांधून द्यायच्या. पिशवी नाही. मी न्यायची आणि तशीच परत आणायची. दाराशी चपला घालताना ती हातात लागायची आणि मान वर करवायची नाही. भांडल्या असत्या तर मी पाय धरले असते. न भांडणाऱ्या माणसाचे पाय कसे धरायचे?

असे आठ-नऊ महिने गेले. एका रविवारी मी पिशवी घरीच ठेवून गेले. आता कशाला न्यायची, असं वाटलं. ताई विळीवर भाजी चिरत होत्या. मला पाहिलं आणि म्हणाल्या, "पिशवी नाय आनली?" मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "ताई, माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "चुकलं तर. मी कुटं नाय म्हनतंय. पुडच्या टायमाला आन." आणि भाजी चिरायला लागल्या.

निळा कागद त्यांनी काढून टाकला होता. खळ असती तर ओल्या फडक्याने सुटली असती, पण माझा डिंक सुटेना, तेव्हा ओढून काढावा लागला. त्याच्याबरोबर आयेची चांदीही जागोजाग फाटून निघाली. ते चित्र अजून गावच्या ओटीवर आहे. फाटलेल्या जागा लोकांना लाटा वाटतात आणि ते कौतुक करतात. मी त्या वेळी आत जाते.

कागद मात्र ताईंनी फेकला नाही. त्यांनी तो स्वयंपाकघरात, ओट्यामागच्या भिंतीला चार खिळ्यांनी लावला, फोडणीचे शिंतोडे भिंतीवर उडू नयेत म्हणून. वर्षानुवर्षं मी त्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटल्या, सणावाराचे स्वयंपाक केले, आणि मान वर केली की समोर तो निळा कागद. मला वाटायचं, ताईंनी माफ केलंय, पण मी विसरू नये अशी व्यवस्थाही केली आहे. मनात कुठेतरी मी त्यांच्यावर थोडी रागावलेही होते. आपल्याच पापाचा दाखला किती वर्षं बघायचा माणसाने?

पुढे ताईंकडे शिकायला बाया यायला लागल्या. त्यातली एक, गावाबाहेरच्या वाडीवरची सखू, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी. ताईंनी तिला सांगितलं, घरात टाकायचं काय असेल ते घेऊन ये. सखू म्हणाली, "आमच्यात टाकायला काय उरतं, बाय? सगळंच लागतं." ही गोष्ट ताईंनी मला स्वतः सांगितली आणि म्हणाल्या, "शैला, मी इतकी वर्सं मिरवलं गो. कचरा असायलाबी घर भरलेलं लागतं." मग त्यांनी सखूला पिशवी मागितली नाही. भट्टीवरून येताना पायाच्या वहाणेला चिकटून आलेली लाल माती तेवढी ठेवून घेतली आणि दोघींनी मिळून चुलीची राख न् त्या मातीचं एक चित्र केलं. सत्तरीला टेकलेली बाई आपलं चुकलं म्हणते आणि नव्याने शिकते... मला तर निवृत्त होईपर्यंत ते जमलं नाही.

गेल्या दोन वर्षांत त्यांचे हात कापायचे. कात्री धरवत नसे, म्हणून बोटांनी फाडून चिकटवायच्या. काय करताय विचारलं तर चित्रावर चादर टाकायच्या. शेवटचं भेटले तेव्हाही चादर टाकली होती. मी पिशवी दिली, त्यांनी पालथी केली, एक बटण उजेडाला धरलं आणि म्हणाल्या, "तुजे कपडे आता लवकर जुने व्हत नायत. घरात बसून असतेस." मी हसले. ती आमची शेवटची थट्टा.

तेरावं झालं. पाहुणे पांगले. भाऊजींनी मला आत स्वयंपाकघरात बोलावलं आणि चादरीत गुंडाळलेलं ते चित्र हातात दिलं. "तुला द्यायला सांगितलंय."

आमचं गावचं घर होतं. छप्पर भाऊजींच्या खाकी वर्दीचं. ओटी आयेच्या लुगड्याच्या काठाची. अंगणात माझ्या मुलांच्या शर्टांची बटणं, माझ्या शाळेतल्या लाल पेनांची टोपणं. आणि ओटीशेजारी, सगळ्यांच्या मधोमध, एक निळी खिडकी. मी ओट्याकडे पाहिलं. भिंतीवर चार खिळे होते आणि कागद नव्हता. इतक्या दिवसांच्या गडबडीत ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

चकाकी पार गेलेली होती. हळदीचे डाग, तेलाचे थेंब, एका कडेला धुराची काळी रेघ. "मी किती येळा म्हनलं काड तो कागद," भाऊजी सांगत होते, "तर म्हनायची, शैलाचा कागद अजून नवा हाय, राबू दे. या दिवाळीला सोताच काडला. म्हनली, आता झाला घरचा."

खिडकी फक्त वरच्या कडेनेच चिकटवलेली होती, पडद्यासारखी. मी ती बोटाने उचलली. कागदाच्या मागच्या बाजूला माझ्या डिंकाला धरून राहिलेले आयेच्या पाकिटांचे चंदेरी तुकडे तसेच होते. एकावर ताईंच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात "सकाळ" लिहिलेलं होतं.

महेश म्हणाला, शहापुरात चांगली काचेची चौकट करून देतो, काकू, हॉलमध्ये लावा. मी नको म्हटलं. चित्र माझ्या ओट्यामागे लावलं आहे. सून म्हणते, आई, खराब होईल, फोडणी उडते त्यावर. उडू दे.