उघडा डोळा

परवा सांगलीच्या दवाखान्यात रक्त काढण्याआधी नर्सनं माझ्या हातावर स्पिरिटचा बोळा फिरवला. तो उग्र, गार वास नाकात शिरला आणि माझे डोळे भरून आले. "मावशी, अजून सुई टोचली न्हाई की," ती पोरगी हसली.

हा वास माझ्या हातांना यायचा होता.

नर्सिंगला निवड झाल्याचं पत्र रहिमतपूरच्या घरी आलं, तेव्हा मी अठरा वर्षांची होते. आई वारलेली, तीन भावांच्या भाकरी माझ्याकडे. माझे वडील, आमचे अण्णा, चर्चच्या मंडळीतले एक पुढारी, त्यांच्या शब्दाला मान. ते म्हणाले, "आपण देवाला इचारू."

आम्ही सगळे गुडघे टेकून बसलो, डोळे मिटले. ओल्या सारवणाचा गारवा गुडघ्यांना लागत होता. अण्णांचा आवाज दाटून आला होता, "प्रभू, तुझी इच्छा आमाला कळीव."

मला राहवेना. मी एक डोळा किलकिला केला. अण्णांचे दोन्ही डोळे टक्क उघडे होते. तोंडानं प्रार्थना चालू ठेवून ते माझ्या पत्राची घडी करून खिशात घालत होते.

आमेन झालं. "देवाची इच्छा न्हाई, पोरी," ते म्हणाले. "आन् ती कवाबी बदलत न्हाई."

प्रार्थनेत डोळा उघडल्याचं पाप मी आजवर कुणाला सांगितलं नाही. भाकरी थापत राहिले, आधी भावांच्या, मग नवऱ्याच्या. देवाची इच्छा बदलत नाही, हे मी अजूनही मानते. त्या दिवशी ती कुणी विचारलीच नव्हती.