टिपणीसबाईंची बिननावाची सापसुरळी

पेणच्या कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई म्हणून मी रुजू झालो, त्याच दिवशी टिपणीसबाईंनी मला झापलं. स्पिरिटमध्ये ठेवलेल्या प्राण्यांच्या बरण्यांवरची धूळ पुसता पुसता मी चिठ्ठ्यांवरची अक्षरंही पुसत होतो. "दत्ताराम, एक वेळ प्राणी गेला तरी चालेल, चिठ्ठी जाता कामा नये!" मनात म्हटलं, काय विक्षिप्त बाई आहेत! आज बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात मोठमोठ्या प्राध्यापकांनी त्यांच्याविषयी लिहिलं आहे. मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

बाईंचा विषय सरपटणारे प्राणी, त्यातही सापसुरळ्या. त्या पालापाचोळ्यात पळतात हे आपण पाहतो. पण काही थोड्या झाडावरच राहतात. बाई भिंगाखाली धरून अंगाच्या मधोमध खवल्यांच्या किती रांगा आहेत ते मोजत, बोटांखालच्या पट्ट्या मोजत, आणि तीनदा जुळलं तरच वहीत लिहीत. चौथ्यांदा मला मोजायला लावत. शिपायाचं मोजणं जुळलं नाही, तर त्या स्वतःचं पुन्हा तपासत.

एका वर्षी गणपतीच्या सुट्टीआधी मी दोन सापसुरळ्या आणल्या. एक पेणजवळच्या वाडीतली, दुसरी रोह्याकडच्या गावातली. दोन्ही लोकांनी धरून, फडक्यात बांधून दिलेल्या. मला घरच्या गणपतीला जायची घाई. नीट न बघताच दोन्ही स्पिरिटच्या एका बरणीत टाकल्या. प्राणी कुठल्या गावचा ते सांगणाऱ्या, पायाला बांधायच्या चिठ्ठ्या शिसपेन्सिलीनेच लिहायच्या, हा बाईंचा नियम. मी शहाण्याने नव्या बॉलपेनने लिहिल्या, अक्षर झोकदार दिसावं म्हणून! सुट्टीनंतर पाहतो तर शाई विरघळलेली, चिठ्ठ्या कोऱ्या. माझी पाचावर धारण बसली. गुपचूप, अंदाजाने पुन्हा लिहून टाकल्या.

त्यातली एक, बोटांखालच्या पट्ट्यांवरून, झाडावरची निघाली, आणि कुठल्याच माहीत असलेल्या जातीशी जुळेना. बाईंना तहानभूक सुचेना. शेवटी म्हणाल्या, "दत्ताराम, ही नवी जात आहे हो!" त्यांचा चेहरा इतका फुललेला मी कधी पाहिला नव्हता. माझ्या चिठ्ठीवरून त्यांनी शोधनिबंधात लिहिलं, ठिकाण पेण. घरी मी भरलं ताट सारून उठायचो. बायको म्हणे, "तुमाला झालंय तरी काय? बोलत का नाय?"

निबंध पोस्टात टाकायला बाईंनी मलाच पाठवलं. रांगेत उभा राहिलो, खिडकीपाशी पोचलो आणि पाकीट घेऊन तसाच परत आलो. सगळं सांगितलं. नोकरी गेली असंच धरून चाललो होतो. बाईंनी पाकीट खणात ठेवून विचारलं, "रोह्याची गाडी किती वाजता आहे?"

रोह्याकडची सापसुरळी जिने धरून दिली होती, त्या म्हातारीला विचारलं, तुझी झाडावरची होती का? तिने कपाळाला हात लावला. "धरली ती आंब्याच्या बुंध्याशी. पन वरची का भुईवरची, मला काय ठावं गो बाय? सापसुरळी कदी झाडावर ऱ्हाते व्हय?" पेणच्या वाडीतला माणूसही तसंच काहीतरी म्हणाला. परतताना बाई एवढंच बोलल्या, "ठिकाण ठाऊक नसताना नाव देणं म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकणं. तशीच दुसरी सापडेपर्यंत थांबायचं."

पुढे स्टाफरूममध्ये कुणीतरी टोमणा मारला, "काय बाई, नवी जात कुठे पळाली?" मी तिथेच चहा देत होतो. बाई म्हणाल्या, "माझीच घाई झाली." माझं नाव त्यांच्या तोंडून त्या दिवशी आलं नाही, पुढेही कधी आलं नाही. म्हणून आज इथे छापून यावं: घाई माझी होती, बाईंची नव्हे.

ती दुसरी अजून सापडलेली नाही. गुडघे दुखतात, तरी बाई रोह्याकडच्या त्या गावी जातात. "आली गो आमची सापसुरळीवाली!" म्हणत म्हातारीची सून आंब्याखाली खुर्ची टाकते. गेल्या महिन्यात फांदीवर काहीतरी सरसरलं. मी ओरडलो, "बाई, तीच!" बाईंनी दुर्बीण खाली घेतली. "खवले मोजलेत का?"

बाई, तुम्हाला उदंड आयुष्य मिळो, गुडघे धड राहोत, डोळे असेच तेज राहोत. हे मी तुमच्यासाठी मागतो तसं माझ्यासाठीही मागतो. माझ्या खिशात कोरी चिठ्ठी आहे आणि टोक काढलेली शिसपेन्सिल. या वेळी गावाचं नाव आधी लिहीन, मगच झाडाला हात लावीन.