एकट्या झाडाची काठी

जानेवारी २०२०. चिंचवडला आमच्या सोसायटीच्या गेटवर मुंबई विमानतळाची गाडी उभी, डिकीत दोन बॅगा, ड्रायव्हर सारखा घड्याळ बघतोय, आणि आई माझी दृष्ट काढतेय! मुठीत मीठ-मोहऱ्या, ओठांत काहीतरी पुटपुटणं. वॉचमन बघतोय, वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून बघतायत, आणि सत्तावीस वर्षांचा इंजिनियर मान खाली घालून उभा. "आई, बास ना आता!" मी खेकसलो. "आयर्लंडला चाललोय मी. तिकडे असलं काही नसतं." आईने मूठ आणखी एकदा ओवाळली. बाबा म्हणाले, "पोचलास की फोन कर."

असलं काही नसतं म्हणे. काय पण खात्री होती माझी! मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या बॅगा भरून इकडे आलेल्यांनो, तुम्हाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

नोकरी गॉलवेला, वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात, क्वालिटी विभागात. दोन महिन्यांत लॉकडाउन लागला, खोलीतला जोडीदार आपल्या घरी पळाला आणि मी शहराबाहेर एक जुनं घर स्वस्तात भाड्याने घेतलं. कारखाना चालूच होता, कॅथेटर काय घरी बसून तपासता येत नाहीत. जातायेता रस्ता रिकामा. एखादी गाडी समोरून आलीच तर आतला माणूस स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा. एकच. मी सुरुवातीला अख्खा हात हलवायचो, मग समोरचा दचकायचा.

शेजार एकच, ब्रायडीआजींचा. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या. इंग्रजीत अहो-जाहो करायची सोय नाही, ते मी मनातल्या मनात करायचो. सत्तरीच्या वरच्यांना घराबाहेर पडायची बंदी होती, म्हणून आमच्या गप्पा दगडी कुंपणावरून. कपाटाला त्या प्रेस म्हणायच्या आणि बाकी सगळं ग्रँड. पाऊस ग्रँड, गुडघा ग्रँड, नवरा जाऊन वीस वर्षं झाली तेही आता ग्रँड. आणि एकटा मॅगपाय दिसला, म्हणजे आपल्या कावळ्याच्या जातीतला काळापांढरा पक्षी, की अपशकुन नको म्हणून बोलता बोलता थांबून त्याला सलाम ठोकायच्या, त्याच्या बायकोची तब्येत विचारायच्या, आणि मग वाक्य पुढे सुरू. मी आईला सांगितलं तर ती इतकी खूश झाली! "बघ! म्हणे असलं काही नसतं."

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचं शेत दिसायचं. शेत कसलं, गवताचं रान, आणि त्याच्या मधोमध एकच काटेरी झाड, वाऱ्याने एका अंगाला झुकलेलं. ट्रॅक्टर गवत कापायला आला की त्याच्याभोवती गोल सोडून कापायचा. भर पावसातही गाई त्याच्याखाली उभ्या राहायच्या नाहीत. भांडी घासताना मी ते रोज बघायचो. त्या वर्षात मी माणसांचे चेहरे बघितले नसतील एवढं ते झाड बघितलं. कधी कधी वाटायचं, काल हे जरा लांब होतं. मग मी स्वतःलाच म्हणायचो, केदार, झोप नीट घे.

२०२१चा पाडवा आला. "यंदा गुढी उभारच," आई म्हणाली. "मागचं वर्ष फार वाईट गेलं." मी मॉपची काठी दाखवली, तर फोनवरच उसळली. "फरशी पुसायच्या काठीला गुढी? ताजी, हिरवी काठी आण!" आता इथे वेळू कुठून आणू? गेलो मागच्या शेतात, ब्रेड कापायची सुरी घेऊन. त्या झाडाच्या बुंध्याजवळून सरळ फुटलेली एक फांदी मिळाली. कापताना सुरी दोनदा सटकली, अंगठा फाटला आणि शेजारच्या शेतातली कोकरं एकदम गप्प झाली. कोकरं होतात गप्प अधूनमधून.

गुढी मात्र झकास झाली. आईने बॅगेत घातलेला मोरपंखी खण, वर कॉफीचा स्टीलचा मग पालथा, गाठीऐवजी दोऱ्यात ओवलेल्या जेलीच्या गोळ्या. कडुलिंबाच्या जागी पार्सली! फोटो बघून आई रडली.

दुपारी ब्रायडीआजी कुंपणापाशी आल्या. वरच्या खिडकीकडे बघून म्हणाल्या, "झेंडा ग्रँड आहे हो तुझा. काठी कुठली?" मी ऐटीत झाडाकडे बोट दाखवलं. त्यांनी कुंपणावरचा हात काढून घेतला.

"पोरा, परत ठेवून ये ती."

"अहो, काठी आहे नुसती."

"झाड त्यांचं आहे."

"कोणाचं?"

त्या नाव घेईनात; इथली जुनी माणसं जमिनीखालच्या अदृश्य लोकांचं नाव तोंडाने घेत नाहीत, हे मला पुढे कळलं. माझ्या खांद्यावरून मागे शेताकडे बघत राहिल्या. मी हसून विचारलं, "तुम्ही मानता हे?"

"मानायचा काय संबंध? तू वीज मानतोस का? मग उघड्या तारेला हात लाव बघू."

संध्याकाळी रीतीप्रमाणे गुढी उतरवली आणि काठी मागच्या खोलीत मॉपच्या बादलीत उभी करून ठेवली. आईला हा किस्सा मी विनोद म्हणून सांगितला. ती हसलीच नाही. "अरे, ठेवून ये ना परत. लोकांच्या देवाचं झाड ते." माझं डोकंच फिरलं. "एक तिकडे, एक इकडे! दोघी सारख्याच. नाही ठेवत, जा!" आणि मी फोन कापला. माझा हट्टी स्वभाव आईवरच गेलाय, त्यामुळे पुढचे चार दिवस तिनेही फोन केला नाही.

दोन आठवड्यांनी आईला ताप आला. तेव्हा पुण्यात काय चाललं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. बाबांनी दोन दिवस वणवण केली तेव्हा कुठे बेड मिळाला. मी येतो म्हणालो तर म्हणाले, "येऊन काय करशील? मलाच आत सोडत नाहीत." मग मी रोज कारखान्यात जायचो, कॅथेटर तपासायचो, आणि खिशातला फोन वाजला की हातातलं काम टाकून बाहेर पळायचो.

त्याच आठवड्यात घरात वास यायला लागला. मासा नासल्यासारखा, गोडसर. कचऱ्याचा डबा धुतला, फ्रिज रिकामा केला, वास जाईना. शेवटी मागच्या खोलीचं दार उघडलं. बादलीतली काठी फुलली होती. वरपासून खालपर्यंत बारीक, पांढरी फुलं, आणि वास त्यांचाच. बादलीच्या तळाशी पाणी राहिलं होतं, काठीला कळ्या आधीपासून असणार. क्वालिटीत काम करतो मी, कारण शोधणं हाच माझा धंदा. कारण सापडलं. तरी माझा पाय उंबऱ्याच्या आत जाईना. तेवढ्यात फोन वाजला. बाबांचा आवाज मला ओळखूच आला नाही. "व्हेंटिलेटर लावावा लागेल म्हणतायत रे," ते म्हणाले.

काठी उचलली आणि ब्रायडीआजींच्या दारात जाऊन उभा राहिलो. फुलं बघताच त्या ओरडल्या, "आत आणू नकोस!" मी नुसतं "माझी आई" एवढंच म्हणू शकलो. त्यांनी खुंटीवरचा कोट घातला आणि माझ्याबरोबर शेताच्या फाटकापर्यंत आल्या. तिथे थांबल्या.

"पुढे तू एकटा जा. जिथून कापलीस तिथे बुंध्याशी ठेव. माफी माग, तुझ्या भाषेत माग, त्यांना सगळ्या कळतात. आणि परत येताना काहीही ऐकू आलं तरी मागे बघू नकोस."

आपल्याकडे उतारा टाकला की हेच सांगतात. कोणी कोणाला शिकवलं, देव जाणे.

संध्याकाळचे सहा वाजले होते, पण मे महिन्यात इथे तेव्हा लख्ख ऊन असतं. सगळ्या शेतातलं गवत वाऱ्याने हलत होतं, झाडाखालचं मात्र नाही. कापल्याची जागा अजून ओली होती. मी काठी ठेवली, हात जोडले आणि मोठ्याने म्हणालो, "चुकलं माझं. तिला काही करू नका. मला काय करायचं ते करा." मग वळलो आणि चालायला लागलो.

दहा-बारा पावलं गेलो असेन.

"पिंट्या!"

आईचा आवाज. स्वयंपाकघरातून मारते तशी हाक, शेवट लांबवलेला. अख्ख्या आयर्लंडात मला त्या नावाने ओळखणारं कोणी नाही. मी जागच्या जागी थांबलो. "पिंट्या, अरे इकडे बघ ना!" आता अगदी जवळून. समोर फाटकाशी ब्रायडीआजी फक्त माझ्याकडे बघत सावकाश मान हलवत होत्या, नको, नको. मला वळायचं होतं हो. आयुष्यात कशासाठी एवढा जीव तुटला नसेल. दात आवळले आणि पाऊल पुढे टाकलं.

व्हेंटिलेटर लागला नाही. तीन आठवड्यांनी आई घरी आली, निम्मी होऊन. डॉक्टर म्हणाले, औषधं वेळेवर लागू पडली. मीही सगळ्यांना तेच सांगतो.

दिवाळीला चिंचवडला गेलो. आई डायनिंग टेबलाशी मेथी निवडत बसली होती. मधेच म्हणाली, "हसशील मला, पण सांगते. हॉस्पिटलात एकदा मला काय दिसलं माहितेय? हिरवंगार रान, मधोमध एकच झाड, आणि तू पाठमोरा चाललायस. दोनदा हाक मारली, वळलाच नाहीस! असा राग आला ना मला. म्हटलं, घरी जाऊन याचा कानच धरते." ते झाड मी तिला कधी दाखवलं नव्हतं. फोटोत नुसती गुढी होती.

मेथीची काडी तिच्या हातात तशीच राहिली. "तुला ऐकू आलं होतं का रे?"

"काहीतरीच काय आई! औषधांनी होतात असे भास."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली, आणि परत मेथी निवडायला लागली.

काय सांगणार होतो? तिची हाक ऐकून मी पुढे चालत राहिलो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तिच्यासाठीच केलं, हे खरं. पण इकडे आलेला प्रत्येकजण असंच म्हणतो ना, तुमच्यासाठीच केलं म्हणून. मी अजून त्याच घरात राहतो. कोणी घर कुठे विचारलं की चिंचवडचा पत्ता सांगतो, पण माझं घर आता माझ्या पाठीमागे असतं, हाकेच्या अंतरावर, आणि चालताना मला ते मानेवर जाणवतं. आईसमोर खोटं बोललो याची टोचणी जात नाही, म्हणून हे लिहिलं. ती वाचेल.

आई, ऐकू आली होती. दोन्ही वेळा. मी वळलो नाही.