फ्लेक्सवरचे निळे बाण

चहा घ्या आधी. कारण हे सांगताना मी मध्येच तोंड लपवणार, आणि तेवढ्यात तुमचा चहा गार व्हायचा. आता काय सांगू तुम्हाला, माणसानं शहाणपणा करावा, पण तो सहा बाय चारच्या फ्लेक्सवर छापून गावात टांगू नये. मी टांगला!

झालं असं, सोळा वर्षं वॉर्डात सुया टोचल्यावर बेचाळिसाव्या वर्षी मला नर्सिंगची एम.एस्सी. करायची हुक्की आली. सांगलीला प्रवेश मिळाला. विषय घेतला, जतकडच्या आया लेकराला भरवण्याआधी हात का धूत नाहीत? महिनाअखेर साठ आयांची संमती आणि माहिती आणायची, नाहीतर वर्ष बुडणार. आणि रजा पुन्हा मिळणार नव्हती.

पण त्याआधी फ्रेमवर्क! म्हणजे एक चित्र. कशामुळे काय होतं असं आपल्याला वाटतं, ते चौकोनांत लिहायचं आणि चौकोन बाणांनी जोडायचे. आमच्याकडे हे चित्र सहसा कुणी काढत नाही. सीनियरच्या प्रबंधातून उचलतात. सीनियरनं तिच्या सीनियरकडून उचललेलं असतं. मूळ कुणा परदेशी बाईंचं म्हणे. त्यांच्या बर्फाच्या गावातून हे चौकोन चालत चालत सांगलीपर्यंत आलेत, वाटेत कुणी त्यांना काही विचारलेलं नाही.

माझ्या चौकोनांत आईचं वय, शिक्षण, धर्म, ज्ञान, दृष्टिकोन, सवय, सगळं होतं. तरी गाईड मॅडमनी पाच वेळा परत पाठवलं. "काहीतरी राहिलंय," एवढंच म्हणायच्या. "एकदा गावात जाऊन बघून या."

सोळा वर्षांच्या सिस्टरला गावात काय बघायचं असतं हो? मी म्हटलं, राहिलंय ते डिझाईन! गेले आमच्या मलकापुरातल्या वाढदिवसाचे फ्लेक्स करणाऱ्याकडे.

"ताई, बाणांना कलर कुठला टाकू?"

"निळा टाका. शांत दिसतो."

त्यानं मनगटाएवढे जाड निळे बाण टाकले. आणि मजकूर? सगळा इंग्रजीत! मराठीत लिहिलं तर कॉलेजात ज्ञान हलकं होतं ना.

जतच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून ते गाव. तिथल्या आशा सेविका सुरेखाताई बायकांना बोलवायला घरोघर गेल्या आणि मी समाजमंदिराच्या भिंतीवर फ्लेक्स लावला. वाटलं होतं, पाच-दहा बायका येतील. अहो, अर्ध्या तासात गाव लोटलं! बाया, बापे, म्हातारे, सगळे त्या चित्राकडे टक लावून. सोळा वर्षांत माझ्याकडे एवढं कुणी बघितलं नव्हतं.

पुढं आले मिशीवाले आप्पा. पहिल्या मोठ्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, "ही मोठी कुठं बसवणार?"

तो चौकोन ज्ञानाचा. मी म्हटलं, "सगळ्यात वर. इथं भरलं की पुढं आपोआप वाहत जातं."

"आमच्या वस्तीवर पोचंल?"

"घराघरात पोचणार!"

"उन्हाळ्यात बी?"

"बारा महिने, आप्पा. एकदा आलं की आटत नाही."

आप्पांचे डोळे भरून आले. माझेही आले. मग त्यांनी तळाच्या तुटक बाणावर बोट ठेवलं. "आन ह्ये?"

"ते फीडबॅक. पुढं गेलेलं परत मागं येतं."

"म्हंजे थेंब वाया न्हाई! लय हुशार हाईसा, बाई."

आता सांगा, जे एम.एस्सी.च्या वर्गाला दोन वर्षांत उमगत नाही, ते आप्पांना दोन मिनिटांत! मी तर हवेतच गेले. संमतीपत्रं काढली. ती वाचून दाखवायची, समजावायची, असा नियम आहे. पण रांग बघून माझं भान सुटलं. जेवायच्या आत साठही पत्रांवर सह्या झाल्या, मागं आणखी माणसं उभीच. एक जण तर भांडायलाच उठला, "आवं, आमच्या मळ्याची पेटी कुठाय?" मी उदार मनानं मार्करनं एक चौकोन काढून दिला, बाण जोडला. तो पाया पडला. कुणीतरी फ्लेक्सला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला.

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. "मॅडम, फ्रेमवर्क गावानं डोक्यावर घेतलंय!"

त्या म्हणाल्या, "कुणी काही विचारलं का?"

"विचारतायत काय, नाचतायत!"

फोन ठेवला आणि तायव्वा आली. मेंढरं राखून उन्हात रापलेली सत्तरीची बाई. कंबरेवर हात ठेवून तिनं फ्लेक्स नीट बघितला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बाणामागं बाण. मग माझ्याकडे वळली.

"सिस्टरबाई, टाक्या दिसल्या, पाइपा दिसल्या. ह्येच्यात पाणी कुठनं येणार?"

"कसलं पाणी?"

रांगेतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मग सांगावं लागलं. ही टाकी नाही, ज्ञान आहे. ही पाइप नाही, बाण आहे. हे सगळं हात धुण्याबद्दल आहे.

"हात धुयाचं?" आप्पा खालीच बसले.

"आमाला कळतंय की हात धुयाचं," तायव्वा म्हणाली. "आठ दिसांनी टँकर येतो, घरटी दोन पिपं. प्यायचं का धुयाचं? एवढ्या पेट्या काढल्यासा, त्यात पाण्याची एक बी न्हाई व्हय?"

नव्हती! आईचा धर्म होता, पाणी नव्हतं. सोळा वर्षं मी नळाखाली हात धरत आले आणि नळाच्या मागं काय असतं ते मला चौकोनात लिहावंसं वाटलं नाही. इतकी लाज वाटली म्हणून सांगू! साठ सह्या पाणी मिळेल म्हणून केलेल्या होत्या. सगळ्यांसमोर फाडल्या. वर्ष गेलं असं समजून फ्लेक्स तिथंच सोडून आले.

मॅडमसमोर नवा कागद ठेवला. पहिला चौकोन, पाणी. त्या हसल्या. "हेच राहिलं होतं."

"मग पाच वेळा सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तेही निळ्या रंगात छापून आणलं असतं."

महिना संपायला नऊ दिवस होते. पुन्हा गावात गेले, या वेळी दारोदार, प्रत्येकीला संमतीपत्र वाचून दाखवत. पहिलं घर तायव्वाचंच. दारात पाण्याचं पीप, आणि त्यावर झाकण म्हणून काय? माझा फ्लेक्स! ज्ञानाचा चौकोन बरोबर वर आलेला.

तायव्वाची सून बाळाला भरवायला बसली. तांब्यातल्या चार घोटांत तिनं हात धुतले, आधी आपले, मग बाळाचे. मी निरीक्षणाच्या तक्त्यात खूण केली. तायव्वानं माझ्यापुढं भाकरी आणि ठेचा ठेवला. एस.टी.नं तीन तास आलेले, पोटात कावळे. मी भाकरी मोडली.

"सिस्टरबाई," तायव्वानं फ्लेक्स उचलून पिपात तांब्या बुडवला. "आधी हात. ज्ञान लय हाय तुमच्याकडं, पाणी मी घालते."

तक्त्यात शेवटचा रकाना होता, 'सांगितल्यावर हात धुतले.' त्या घरात तिथं एकच खूण बसत होती, आणि ती मी आजतागायत मॅडमना दाखवलेली नाही.