वरच्या मजल्यावरचं पीठ

अक्कोच्या रेल्वे स्टेशनमागे जुन्या चार मजली इमारती आहेत. त्यातल्या एकीत दुसऱ्या मजल्यावर सोलिका वाकनिन राहते. वय चौऱ्याहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे आणि जीभ मात्र विशीतली. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची हयात गेली. मोरोक्कोतल्या मक्नेसहून आईबापांबरोबर ज्यूंच्या या नव्या देशात बोटीतून आली तेव्हा ती पाच वर्षांची होती. पहिली काही वर्षं पत्र्याच्या झोपडीत गेली. तेव्हा त्या वस्तीत एकदा सरकारी पक्षाचा एक साहेब आला आणि मोटारीची काच खाली करून तिच्या बापाशी बोलला, खाली काही उतरला नाही. तेवढ्यावरून सोलिकानं जन्मभर त्याच्या विरुद्ध पक्षाला मत दिलं. आपल्या या पक्षातही चोर कमी नाहीत हे ती स्वतःच सांगते. फक्त हे घरात येऊन बसतात, चहा पितात, एवढाच फरक. अलीकडे दोन वर्षांत चार निवडणुका झाल्या आणि पाचवी दारात उभी होती. मत टाकून टाकून बोटांना घट्टे पडले, असं ती भाजीवाल्याला ऐकवायची. पण एकदाही घरी बसली नाही.

तिच्या डोक्यावर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, वदाद खतीब राहते. तिला कोणी नावानं हाक मारत नाही, ती अमजदची आई. आणि सोलिका हर्त्सलची आई. ज्या माणसानं ज्यूंच्या देशाचं स्वप्न पाहिलं त्याचं नाव सोलिकाच्या नवऱ्यानं, माखलूफनं, हौसेनं मुलाला ठेवलं होतं. ते नाव एक अरब बाई जिन्यातून दिवसात दहा वेळा ओरडते, "ए हर्त्सलची आई, तुझी चादर उडाली," याची गंमत सगळ्या इमारतीला होती. सोलिकाचं मोरोक्कोचं अरबी वदादला अर्धंच कळायचं, आणि उरलेल्या अर्ध्यावर दोघी हसायच्या.

पेसाखच्या सणाचा त्यांचा एक रिवाज होता. सणाचे सात दिवस ज्यू घरात पीठ, पाव, खमीर काही ठेवत नाहीत. सोलिका सणाआधी घरातलं सगळं पीठ, रवा, शेवया आईच्या तांब्याच्या परातीत घालून वर वदादकडे द्यायची. सण संपला त्या संध्याकाळी वदाद त्याच परातीत ताजं पीठ, लोणी, मध आणि गव्हाच्या हिरव्या ओंब्या घेऊन खाली यायची. मग सोलिका मिमूना मांडायची, म्हणजे सण सुटल्याची मोरोक्कोच्या ज्यूंची मेजवानी. दार सताड उघडं, ज्याला यायचं त्यानं यावं, आणि तव्यावर एकावर एक चढत जाणाऱ्या पातळ पोळ्या, म्हणजे मुफलेता, लोणी-मध लावून गरम गरम खाव्यात. मक्नेसमध्ये तिच्या आईकडे हे पीठ शेजारची मुसलमान बाई आणत असे. आई म्हणायची, वर्षाचं पहिलं पीठ शेजाऱ्याच्या हातचं असावं, दुकानातलं काय, कोणालाही मिळतं. अक्कोत वदाद राहायला आली तेव्हा सोलिकानं पहिल्याच वर्षी वर जाऊन तिला हे शिकवलं, म्हणजे हक्कानं मागितलं.

गेल्या मे महिन्यात गावात आग लागली. आधी जेरुसलेममध्ये काही पेटलं, मग रॉकेटं आली, आणि मग शेजारीपाजारी एकमेकांच्या अंगावर गेले. एका रात्री एका बाजूच्या पोरांनी हर्त्सलच्या गाडीच्या काचा फोडल्या, दुसऱ्या रात्री दुसऱ्या बाजूच्या पोरांनी अमजदचं केशकर्तनालय जाळलं. ती पोरं बाहेरची होती असं अजूनही सगळे सांगतात. बाहेरच्या पोरांची अशा वेळी कधी टंचाई नसते. इमारतीत कोणी कोणाला बोटसुद्धा लावलं नाही. फक्त तिसऱ्या मजल्यावरचे पडदे बंद झाले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दाराला आतून दुसरी कडी लागली. त्यानंतर दोघी जिन्यात समोरासमोर आल्या की मान हलवायच्या आणि पुढे जायच्या. चादरी उडाल्या तर उडाल्या.

तेव्हा या वर्षी, मिमूनाच्या संध्याकाळी, सोलिका खुर्ची दाराकडे करून बसली होती ती कशाची वाट पाहत होती हे सांगायला नको. टेबलावर खजूर, बदाम, दुधाचा जग, सगळं मांडून झालं होतं. पीठ तेवढं नव्हतं.

हर्त्सलच्या डोक्यात दुसरंच होतं. तो सेहेचाळीस वर्षांचा, पक्षाचा स्थानिक कार्यकर्ता, आणि पुढच्या वर्षी नगरपालिकेला उभं राहायचा बेत. पक्षाचे खासदार मिमूनाला घरोघरी फिरतात, डोक्यावर लाल गोंड्याची टोपी चढवतात आणि मुफलेता खाताना फोटो काढून घेतात. या वर्षी त्यांच्यातल्या एकाला आपल्या आईच्या घरी आणायचं त्यानं जमवलं होतं. पीठ नाही हे कळताच त्यानं फोन केला आणि पक्षाची दोन माणसं पिठाचं पोतं दारात टाकून गेली. पोत्यावर पक्षाची चिठ्ठी चिकटवलेली होती.

"इमा, साहेब खाली पोचलेत. मळायला घे," तो आईला म्हणाला.

"त्या पिठाला मी हात लावणार नाही."

"पीठ म्हणजे पीठ. त्यात काय अरब आणि काय पक्ष?"

"मग तूच मळ."

हर्त्सलनं वर छताकडे बोट केलं. वर्ष झालं, ती बाई आली नाही, आणि आता येणार नाही, हे तिनं समजून घ्यावं, असं तो बऱ्याच शब्दांत बोलला. सोलिका ऐकत नव्हती. वरून भांड्यांचे आवाज येत होते. रमजान चालू होता, रोजा सुटला होता, जेवणं आटोपत आली असणार. म्हणजे वदादला आता सवड आहे. सवड असून ती येत नाही. इतकी वर्षं, इतक्या चादरी, आणि एवढंही नाही?

खासदार आले. पाठोपाठ कॅमेरावाला आणि अर्धा जिना भरून माणसं. सोलिकानं रीतीप्रमाणे स्वागत केलं, खजूर पुढे केला. फोटोत मागे काहीतरी जुनं, मोरोक्कोचं दिसावं म्हणून कॅमेरावाला खोलीभर नजर फिरवू लागला. "वा, ती परात छान आहे," तो म्हणाला. "ती घेऊ या मागे."

सोलिकानं वळून पाहिलं. तांब्याची परात भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती.

ती पाहतच राहिली. परात आज इथे कशी? आजच्या दिवशी ती वर असायला हवी. आणि मग तिला आठवलं. सणाआधी रागाच्या भरात तिनं घरातलं पीठ, रवा सगळं हर्त्सलबरोबर ज्यूंच्या प्रार्थनाघरात धाडलं होतं. परात वर गेलीच नव्हती. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं तिनं जन्मभर पाहिली होती आणि त्यांना हसलीही होती. आज तिनं स्वतः भांडं भिंतीवर टांगून ताकाची वाट पाहिली होती, आणि वर शेजारणीलाच दोष देत बसली होती.

तिनं परात काढली. हर्त्सल म्हणाला, इमा, आत्ता कुठे? खासदार म्हणाले, अहो आजी, बसा की. गर्दीतून वाट काढत, कठड्याला धरून, ती एक मजला चढली.

दार वदादनंच उघडलं. तिनं आधी परातीकडे पाहिलं आणि मग सोलिकाकडे.

"आणलीस," ती म्हणाली. "मला वाटलं, भिंतीवरच गंजणार."

"तांबं गंजत नाही. काळं पडतं."

"मग वर्षभर काळं पडत होतं."

सोलिकाला धाप लागली होती. वदादनं तिला आत घेतलं नाही आणि दारही लावलं नाही.

"माझ्या अमजदचं दुकान जळलं, हर्त्सलची आई," वदाद म्हणाली. "सगळा गाव येऊन गेला. तू एक मजला खाली होतीस."

"मला वाटलं, तू दार उघडणार नाहीस."

"ठोठावलं होतंस?"

"नाही." सोलिकानं परात छातीशी धरली. "चुकलं माझं. भ्याले मी. तुला नाही गं, तुझ्या तोंडाकडे बघायला भ्याले."

वदाद म्हणाली, "हर्त्सलच्या गाडीच्या काचा फुटत होत्या तेव्हा मी पडद्याआडून बघत होते. खाली मीही आले नाही."

ती आत गेली आणि येताना दोन्ही हातांनी एक मोठं भांडं घेऊन आली. वर स्वच्छ फडकं होतं. फडक्याखाली पीठ, पिठात खोचलेल्या हिरव्या ओंब्या, बाजूला लोणी आणि मधाची बाटली.

"दुपारपासून भरून ठेवलंय," ती म्हणाली. "पण तुझ्या परातीशिवाय आणू कशात? या भांड्यातून आणलं असतं तर तूच म्हणाली असतीस, भिकाऱ्याला घालतेस का म्हणून."

सोलिका खरंच असं म्हणाली असती. दोघींनाही ते माहीत होतं. आधी वदाद हसली, मग सोलिका हसता हसता रडली, आणि परातीत पीठ ओतताना जिन्यावर पांढरी रेघ सांडली.

खाली दोघी एकदम आल्या. कॅमेरावाल्याचे डोळे लकाकले. दोघींनी परात धरून इकडे बघा, असं तो म्हणू लागला. सोलिकानं त्याला थांबवलं. फोटो खुशाल काढ म्हणाली, पण खाली 'शेजारीण' असं लिहायचं नाही, हिचं नाव वदाद खतीब, ते लिही. खासदारांनी मान डोलावली, अशा मैत्रीनंच देश उभा राहतो वगैरे बोलले, आणि अजून पाच घरं व्हायची आहेत म्हणून टोपी नीट करू लागले.

"खासदारसाहेब," वदाद म्हणाली, "तुम्ही माझेही खासदार ना? मत मीही देते. तुम्हाला नाही, पण देते."

"अर्थातच, तुमचाही," ते म्हणाले.

"मग बसा. कणीक मुरायला वेळ लागतो. तोवर सांगते, आमच्या रस्त्यावर काय काय जळलं आणि त्यातलं काय अजून तसंच आहे."

त्यांना बसावंच लागलं. आणि गंमत अशी की बसल्यावर ते खरंच ऐकू लागले. दोन-तीन प्रश्न विचारले, तेही नेमके. तवा तापला तशी टोपी मांडीवर आली. सोलिका तेलकट हातांनी गोळे पसरवत होती, वदाद उलटत होती, आणि दोघींचं अर्धं कळणारं अरबी तव्यावर पुन्हा सुरू झालं. खासदारांची किती घरं चुकली देव जाणे. कॅमेरावाल्यानं तर कॅमेरा बाजूला ठेवून खाल्लं.

थोड्या वेळानं अमजद आईला शोधत खाली आला. दारात अडखळला. हर्त्सलही उभा राहिला. शेवटी अमजदची नजर हर्त्सलच्या मानेवर गेली. धंद्यातला माणूस, राहवलं नाही.

"हे केस कोणी कापलेत?"

"आहे एक, बाजाराजवळ," हर्त्सल म्हणाला.

"त्याला मेंढरंच भादरू दे. मंगळवारी ये. दुकान अजून पुरतं झालं नाही, पण खुर्ची आहे."

हर्त्सलनं मानेवरून हात फिरवला आणि मुफलेताची ताटली त्याच्यापुढे केली. पक्षाचं पोतं अजून दारातच होतं. येणारे-जाणारे त्याला वळसा घालत होते, आणि दुसऱ्या दिवशी हर्त्सलनं ते गपचूप शाळेच्या स्वयंपाकघरात नेऊन दिलं.

सगळे पांगल्यावर सोलिकानं परात घासली, पुसली आणि खिळ्याकडे निघाली. वदादनं ती तिच्या हातातून काढून घेतली आणि काखोटीला मारली.

"ही माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी तुला रुसायला कारण नको."

वदाद जिना चढून जाईपर्यंत सोलिका दारात उभी राहिली. मग तिनं दार लावलं, आणि आतली दुसरी कडी तशीच लोंबती ठेवली.