तोमेझोला दिसलेला खूर

जपानातल्या इवातेच्या आमच्या डोंगरगावात तोमेझोइतकं गुरांचं वेड कुणाला नव्हतं, आणि मागोरोकूवर त्याच्याइतकं कुणी जळतही नव्हतं. दोघांची घरं ओढ्याच्या दोन काठांवर. सकाळी तोमेझो दार उघडी, तो समोर मागोरोकूचा तांबडा वळू अंग घासून घेत उभा. तोमेझोची न्याहारी तिथेच कडू व्हायची.

साऱ्या गावाच्या गाई उन्हाळाभर डोंगरावर एकत्र चरत. त्यांच्यात वळू एकच सोडायचा, म्हणून वसंतात गाव देवळाच्या अंगणात जमून तो निवडी. आमची गुरं काटक, पण मागून चिंचोळी. मांडीवर मांस भरत नसे, व्यापारी नाक मुरडत. भरल्या पुठ्ठ्याचे वळू मागोरोकूच्या गोठ्यात निपजत, त्यामुळे दर साली त्याचाच वळू वर जाई. मग तोमेझोच्या गाई व्यायल्या, की वासरं मागोरोकूच्या वळूचं रुंद कपाळ घेऊन जन्मत.

"माझ्या गोठ्यातसुद्धा तोच मेला माझ्याकडे बघतोय," तो बायकोला म्हणे.

"बघू दे की," हात्सुए मुळा चिरताचिरता म्हणायची. "वासराचं तोंड कुणाचंही असो, विकायला तुम्हीच नेता ना?"

एका वर्षी तोमेझोनेही जिद्दीने वळू वाढवला. आपल्या ताटातलं धान्य त्याला घातलं. देवळाच्या अंगणात दोन्ही वळू उभे राहिले. मागोरोकूच्या वळूची पाठ फळीसारखी सपाट, मांड्या अशा भरलेल्या, की बघे हातच फिरवत बसले. तोमेझोने मात्र मान खाली घातली. बाकीचे गुण बघत होते, हा खोट शोधत होता. वळू दगडांवरून वळला तसं त्याला दिसलं, की डावा मागचा पाय तो जपून टेकतोय. बाहेरचा खूर आत वळत चालला होता.

"याला उतारावर सोडू नका! पाय जाईल याचा."

"पाय ठणठणीत आहे रे. तुझं पोट दुखतंय!" कुणीतरी ओरडलं आणि अंगण हसलं.

मागोरोकूही हसला, पण मायेने. "खूर तासून घेतो की, तोमेझो. हवा तर तूच तास."

ती माया तोमेझोला टोमण्यांपेक्षा जास्त झोंबली. हात वर झाले ते मागोरोकूच्या वळूसाठी. घरी येऊन त्याने हात्सुएला विचारलं, "तू कुठला निवडला असतास?"

"खरं सांगू? त्यांचाच."

तो न जेवता निजला.

पावसाळ्यात गुरांसाठी मीठ घेऊन डोंगरावर जायची पाळी तोमेझोची आली. वळू पाण्याकाठी तीन पायांवर उभा होता. वर उतारावर गाई माजावर येऊन हंबरत होत्या, आणि याला चढवेना. तोमेझो दगडावर बसला, भाताचा गोळा सोडला आणि इतक्या वर्षांत खाल्ला नसेल इतक्या चवीने खाल्ला. हंबरणाऱ्यांत स्वतःची लाडकी गायही दिसली, तेव्हा घास जरा अडला. पण खाली येऊन तो कुणाला काही बोलला नाही. सांगितलं तर हसतील, नाही सांगितलं तर आपोआप कळेल.

कळलं तेव्हा दुसरा वळू सोडायची वेळ टळली होती. शरदात गाई उतरल्या त्या बहुतेक भाकड. तोमेझोच्याही.

आता तरी लोक दाराशी येऊन म्हणतील, बाबा, तुझंच खरं होतं. तोमेझो वाट बघत राहिला. लोक गेले, पण ओढ्यापलीकडे. बिचाऱ्या मागोरोकूचं सांत्वन करायला, साकेची दारू घेऊन!

"हरला तरी त्याचंच घर भरतं," तोमेझो दातओठ खात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मागोरोकू स्वतः ओढा ओलांडून आला. "तू म्हणालास तेच झालं. या खेपेला बाहेरून वळू आणू. तू निवड."

"मला पावसाळ्यातच दिसलं होतं," तोमेझो म्हणाला. त्याला टोचायचंच होतं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"ऐकलं असतंस?"

"तुझं ऐकलं असतं. माझ्या गुरांकडे तुझ्याइतकं निरखून बघतं तरी कोण?"

हात्सुएने आतून चहा आणून दोघांच्या मध्ये ठेवला.

बाजारात तोमेझोने पहिले तीन देखणे वळू सोडून दिले. एकाला दगडांवर चालवून पाहिलं, खाली बसून खुरांवर बोट फिरवलं, मग उठून मांड्या चाचपल्या. "हा," तो म्हणाला. मागोरोकूने एक शब्द न विचारता मान डोलावली.

त्या वळूने गावाची गुरं पालटली. दोन वेतं झाली आणि वासरांच्या मांड्या भरल्या. व्यापारी आता आपल्या पायांनी डोंगर चढून येऊ लागले. पण गावात शिरताना दोरी मागोरोकूच्या हातात होती, म्हणून सगळे त्याला "मागोरोकूने आणलेला वळू" म्हणू लागले.

मागोरोकू दर वेळी सांगे, "अरे, निवडला तोमेझोने!" लोक म्हणत, "बघा, किती मोठं मन!"

तोमेझो म्हातारपणी चुलीशी बसूनही भांडायचा, "दोरी धरली होती त्याने! नुसती दोरी!"