माझ्याच सायकलची चोरी

मेलबर्नच्या जुन्या मार्केटमध्ये मी माझीच सायकल चोरताना पकडला गेलो. तक्रार बटाटेवाल्याची होती आणि ओळख पटवायला माझे सासरे होते.

झालं असं. माझ्या बायकोला, केतकीला, सातवा महिना लागला होता आणि शनिवारी दुपारी चार वाजता टार्निट या मेलबर्नच्या उपनगरातल्या आमच्या घरी डोहाळजेवण होतं. डोहाळा एकच: अळूवडी. तीसुद्धा तिच्या आईच्या पद्धतीची. आई दोन वर्षांपूर्वी गेल्या. ती पद्धत आता एकट्या बाबांना माहीत होती, कारण पानांना पीठ फासायचं काम कायम त्यांच्याकडे असायचं. म्हणून बाबा, म्हणजे माझे सासरे, पुण्याहून एकटे, चिंच-गुळाचं प्रमाण डोक्यात घेऊन आले होते. राहता राहिली पानं. ती टार्निटच्या एकाही दुकानात नव्हती.

"सिटीतल्या मोठ्या मार्केटमध्ये मिळतील," मी म्हणालो. "सकाळी कारने जाऊन येतो."

"कारने?" बाबांनी विचारलं. "भाजी आणायला?"

बाबा जन्मभर मंडईत सायकलवरून गेले. माझ्या गॅरेजमध्ये दोन सायकली होत्या (एक व्यायामाच्या संकल्पाची, दुसरी तो मोडल्यावर केलेल्या नव्या संकल्पाची). मलाही वाटलं, त्यांना जुनं शहर सायकलवरून दाखवू, जावयाची जरा छाप पडेल. ट्रेनमध्ये सायकली चढवल्या आणि निघालो.

सिटीत उतरल्यावर मी पुढे आणि बाबा मागे, कानटोपीवर हेल्मेट घालून. "ही गल्ली बघा, बाबा, किती जुनी आहे," असं सांगायला मी मागे वळलो आणि माझं चाक ट्रामच्या रुळात गेलं. मी आडवा. बाबा शांतपणे वळसा घालून आले.

"रूळ काटकोनात ओलांडायचा असतो," ते म्हणाले. "आता मी पुढे होतो."

त्यानंतर मेलबर्न त्यांनी मला दाखवलं.

मार्केट दिसल्याबरोबर बाबांचा चेहरा उजळला. पत्र्याच्या लांबच लांब शेड, रचलेल्या भाज्या, घसा फोडून ओरडणारे विक्रेते. "अरे, ही तर मंडईच आहे," ते म्हणाले आणि दहा मिनिटांत, अगदी कडेच्या गाळ्यावर, एका व्हिएतनामी बाईंकडे त्यांनी अळू शोधून काढलं. काळ्या देठाचं. प्रत्येक पान उलटून, शिरा बघून चोवीस पानं निवडली. बाई आधी वैतागल्या, मग स्वतःच चांगली पानं काढून द्यायला लागल्या. पिशवी बाबांनी माझ्या सायकलच्या हँडलला लटकवली.

आता आतल्या शेडमधून वेणीसाठी फुलं आणि नारळ घ्यायचे होते, पण आत सायकली न्यायला बंदी. मी कुलूप शोधलं. कुलूप टार्निटला राहिलं होतं. किल्ली मात्र खिशात होती.

"कुलूप कशाला?" बाबा म्हणाले. "माणसं आहेत ना."

समोर एक पांढऱ्या मिशांचा बटाटेवाला होता. ग्रीक, नाव निक. मंडईत ज्या हक्काने आपण ओळखीच्या भाजीवालीला 'जरा लक्ष ठेवा हं' म्हणतो, त्याच हक्काने बाबांनी त्याला सांगितलं, "यू लुक सायकल. आय कम. नो गिव्ह एनीबडी."

मी शरमेने दुसरीकडे बघितलं. निकने मात्र छातीवर हात ठेवला. "नो वरीज, बॉस." आणि दोन्ही सायकली बटाट्यांच्या पोत्यांमागे लावल्या.

बाजारात खिसा कापला जातो म्हणून बाबांनी स्वतःचा फोन माझ्याकडे दिला आणि ते फुलांकडे गेले. मी नारळाकडे गेलो (म्हणजे डोनटच्या रांगेत उभा राहिलो). दोन डोनट पोटात गेल्यावर केतकीचा फोन आला.

"निघालात का? एक दहाची ट्रेन चुकली तर संपलं. वड्या उकडायच्या, गार करायच्या, मग तळायच्या. कळतंय का तुला?"

"पानं मिळाली गं."

"मिळाली?" ती हळू आवाजात म्हणाली, "नीट आण रे. प्लीज."

घड्याळात साडेबारा. मी धावत निकच्या गाळ्यावर गेलो, पोत्यांमागे शिरलो आणि सायकल ओढली. निकने दुसऱ्या बाजूने कॅरियर धरला.

"ही त्या म्हाताऱ्याची आहे, मेट."

"माझी आहे. मी त्यांचा जावई."

"कुणालाच द्यायची नाही म्हणाला तो."

"तेव्हा मी शेजारीच उभा होतो!"

"तू दुसरीकडे बघत होतास," निक म्हणाला. खरंच होतं ते.

पुरावा म्हणून मी त्याला फोनवर आमच्या लग्नाचा फोटो दाखवला. निकने चष्मा लावून बघितलं. "हा म्हातारा बरोबर. पण तू कुठे आहेस?" मी मुंडावळ्यांमागच्या, पंधरा किलो हलक्या माणसाकडे बोट दाखवलं. निकने फोटोकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं आणि सिक्युरिटीवाल्याला हाक मारली.

आजूबाजूला गर्दी जमली. त्यात आमच्या टार्निटचं एक कुटुंब होतं, दुपारी आमच्याकडेच डोहाळजेवणाला येणारं. त्यांनी मला ओळखलं आणि ते सभ्यपणे काकड्या बघायला लागले.

"थांबा, त्यांनाच फोन लावतो," मी सिक्युरिटीवाल्याला म्हणालो आणि बाबांचा नंबर लावला.

रिंग वाजली. माझ्याच खिशात.

"हा दुसरा फोन कुणाचा?" सिक्युरिटीवाल्याने विचारलं.

"त्यांचाच."

निकने 'बघा, मी सांगत नव्हतो?' असा हात केला. मला त्या क्षणी माझी काळजी नव्हती. तिकडे टार्निटला एक बाई आईच्या हातच्या चवीची वाट बघत बसली होती, पानं हँडलवर लटकत होती आणि एक दहा जवळ येत होते.

तेवढ्यात गर्दीतून बाबा आले. एका हातात फुलं, दुसऱ्या हातात नारळ (मी आणणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं).

"सर, या माणसाला तुम्ही ओळखता?" सिक्युरिटीवाल्याने विचारलं.

बाबांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. माझ्या मिशीला साखर लागली होती.

"लिटल बिट," ते म्हणाले.

सगळे हसले, निक सर्वांत जास्त. त्याने सायकली बाहेर काढल्या, पिशवीतलं एक पानही दुमडलेलं नव्हतं. वर त्याने पाण्याचा हबका मारून ठेवला होता, सुकू नयेत म्हणून. बाबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि मराठीत सांगितलं, "माझ्या मुलीसाठी आहेत हो." त्याला ते कसं कळलं कोण जाणे, पण त्याने मान डोलावली. पिशवी बाबांनी स्वतःच्या हँडलला लावली आणि मी विरोध केला नाही.

एक दहाची ट्रेन मिळाली. चार वाजता पाहुणे आले तेव्हा वड्या कढईत होत्या. पहिली वडी केतकीने खाल्ली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "बाबा, तीच." बाबा घाईघाईने गॅस बारीक करायला वळले. तो आधीच बारीक होता. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्या बटाटेवाल्याचे जितके आभार मानले तितके आजवर कुणाचेच मानलेले नाहीत. माझ्यासारख्याला सायकल न देणारा माणूस भेटला म्हणून पानं ट्रामच्या रुळात न पडता घरी पोचली.

बाबा आता पुण्यात आहेत. आमची लेक सहा महिन्यांची आहे. मी दर शनिवारी सायकलवरून मार्केटला जातो आणि सायकल निककडे ठेवतो. परत आलो की निक पुण्याला व्हिडिओ कॉल लावतो आणि माझा चेहरा दाखवतो. बाबा चहाचा घोट घेतात, जरा विचार करतात आणि म्हणतात, "गिव्ह."

मुलगी त्यांनी मला एकदाच विचार करून दिली. सायकलीचा विचार अजून दर शनिवारी चालू आहे.